‘सर्ज’ की ‘एस्कलेशन’? इराकमधल्या २००७ च्या जादा कुमकेची पार्श्वभूमी

१० जानेवारी २००७ च्या रात्री अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी व्हाइट हाउसच्या ग्रंथालयातून भाषण केलं. इराकमध्ये आणखी वीस हजारांहून जास्त सैनिक जाणार होते : पाच ब्रिगेड (मोठ्या लष्करी तुकड्या) बगदादला, चार हजार मरीन पश्चिमेच्या अंबार प्रांतात. दोनच महिन्यांपूर्वी मध्यावधी निवडणुकीत मतदारांनी याच युद्धाचा राग काढत त्यांच्या पक्षाला दोन्ही सभागृहांत अल्पमतात बसवलं होतं. मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी संरक्षणमंत्र्यांची गच्छंती जाहीर झाली. जनमत चाचण्यांत दहातले सहा जण जादा सैन्याच्या विरोधात होते. तरीही सैन्य वाढलं.

युद्ध का सुरू झालं आणि ज्यांचं कारण दिलं ती महासंहारक अस्त्रं सापडली की नाही, हे चघळून चोथा झालेलं आहे. या निर्णयाची गोष्ट बगदादच्या उत्तरेच्या समारा शहरापासून सुरू होते. २२ फेब्रुवारी २००६ ला तिथल्या शिया दर्ग्याचा सोनेरी घुमट स्फोटात उडवला गेला आणि बगदादमध्ये शिया-सुन्नी कत्तलींना ऊत आला. उन्हाळ्यात शहर ताब्यात आणायच्या मोहिमा झाल्या. मोहल्ला मोकळा करायचा, इराकी दलांच्या हवाली करायचा आणि पुढे सरकायचं, अशी पद्धत. अमेरिकी सैनिकांची पाठ वळली की मारेकरी परत हजर.

डिसेंबरमध्ये दोन्ही पक्षांच्या जुन्याजाणत्यांच्या समितीने ७९ शिफारशी दिल्या. २००८ च्या पहिल्या तिमाहीपर्यंत लढाऊ तुकड्या बाहेर काढता येतील, असा त्यांचा सूर होता. पण त्याच अहवालात एक वाक्य होतं : बगदाद स्थिर करण्यासाठी अल्पकाळाची ‘सर्ज’ गरज पडल्यास आम्हाला चालेल. माघारीच्या अहवालातलं हे वाक्य पुढे चढाईवाल्यांच्या कामी आलं.

या शब्दापाशी जरा थांबायला हवं. मराठीत ‘जादा कुमक’ म्हटलं की काम भागतं, पण त्यातली खोच निसटते. जवळचा शब्द उधाण. उधाण येतं आणि ओसरतं. ओसरण्याची हमी शब्दातच असते. विरोधकांच्या तोंडच्या ‘एस्कलेशन’ला, म्हणजे चढत्या वाढीला, मात्र व्हिएतनामचा वास होता. जुलै १९६५ मध्ये तिथलं सैन्य ७५ हजारांवरून सव्वा लाखावर नेत असल्याचं जाहीर झालं आणि तीन वर्षांत आकडा पाच लाखांपार गेला. शब्द सरकत्या जिन्याचा; पाय ठेवला की आपोआप वर.

म्हणून भाषणाच्या दुसऱ्या दिवशी सिनेटच्या सुनावणीत जे झालं ते केवळ शब्दच्छल नव्हतं. अध्यक्षांच्याच पक्षाच्या, व्हिएतनाममध्ये लढलेल्या एका सिनेटरने परराष्ट्रमंत्र्यांना छेडलं, ही एस्कलेशन नाही का? त्यांनी तिसराच शब्द काढला : ‘ऑग्मेंटेशन’, म्हणजे निव्वळ भर. (आपणही यात मागे नाही. एप्रिल २००३ मध्ये या युद्धावरच्या ठरावात आपल्या लोकसभेने हिंदी ‘निंदा’ शब्द वापरला. त्याचं इंग्रजी कडक करायचं की मवाळ, यावरच खल झाला आणि मवाळ शब्द ठरला.)

१६ फेब्रुवारी २००७ ला अमेरिकेच्या कनिष्ठ सभागृहाने २४६ विरुद्ध १८२ मतांनी नापसंती नोंदवली, पण तो ठराव बंधनकारक नव्हता. निधीला माघारीचं वेळापत्रक जोडणारं विधेयक अध्यक्षांनी १ मे रोजी नकाराधिकाराने परत पाठवलं. चार वर्षांपूर्वी याच तारखेला त्यांनी विमानवाहू नौकेवरून मोठी लढाई संपल्याचं सांगितलं होतं. दरम्यान सैनिकांची तैनाती १२ महिन्यांवरून १५ महिन्यांची झाली. उधाण जरा लांबलंच.

साथीच्या तुकड्या धरून वाढ तीस हजारांच्या घरात गेली आणि एकूण आकडा शरदात १ लाख ७० हजारांच्या आसपास पोचला. पण २००५ च्या अखेरीसही १ लाख ६० हजारांच्या आसपास सैनिक तिथे होतेच. खरा बदल सैनिक मुक्कामाला कुठे, यात होता. मोठ्या तळांवरून ते मोहल्ल्यातल्या चौक्यांत राहायला आले. आणि भिंती उठल्या. एप्रिलमध्ये बगदादच्या सुन्नी अधामिया भागाभोवती बारा फुटी काँक्रीटच्या फळ्या रात्री क्रेनने उतरवायला सुरुवात झाली. रहिवासी रस्त्यावर आले, इराकी पंतप्रधानांनीही हरकत घेतली.

अंबारमधल्या सुन्नी टोळ्यांनी अल-कायदाशी काडीमोड घेतला तो सप्टेंबर २००६ मध्ये, म्हणजे भाषणाच्या चार महिने आधी. पुढे असे सुमारे एक लाख बंदूकधारी महिना तीनशे डॉलरच्या आसपास पगारावर अमेरिकेच्या बाजूने पहाऱ्याला उभे राहिले. ऑगस्ट २००७ मध्ये सर्वांत मोठ्या खासगी शिया सेनेने शस्त्रसंधी जाहीर केली. कित्येक मिश्र मोहल्ल्यांत तर तोवर मारायला दुसऱ्या पंथाचं कोणी उरलंच नव्हतं. या सगळ्याचं श्रेय पाच ब्रिगेडच्या खात्यात घालणं मला तरी पटत नाही. त्यांच्यावाचून टोळ्या टिकल्या नसत्या, हा युद्धसमर्थकांचा प्रतिवाद मात्र अगदीच पोकळ नाही.

अमेरिकी सैनिकांचे सर्वाधिक मृत्यू २००७ सालीच झाले, सुमारे नऊशे. वर्ष सरताना हिंसा झपाट्याने घटली. जुलै २००८ पर्यंत पाचही ब्रिगेड निघाल्या, त्यामुळे उधाण ओसरलं हे खरं. ज्यासाठी उसंत मिळवायची होती तो शिया-सुन्नी सत्तेचा समझोता तेवढा झाला नाही. डिसेंबर २०११ मध्ये शेवटचा ताफा कुवेतमध्ये गेला आणि जून २०१४ मध्ये मोसुल शहर ‘इस्लामिक स्टेट’च्या हाती पडलं.

त्या आधीच नवे अध्यक्ष बराक ओबामा आले होते. सिनेटर असताना जादा कुमकेला विरोध करणारे. १ डिसेंबर २००९ ला त्यांनी अफगाणिस्तानात ३० हजार सैनिक वाढवल्याचं जाहीर केलं आणि लगेच पुढच्या वाक्यात सांगितलं, १८ महिन्यांनी परतीला सुरुवात होईल. सुरुवात ठरल्याप्रमाणे झाली. शेवटचं विमान काबूलहून उडालं ते ऑगस्ट २०२१ मध्ये.