केनियाला निघताय? आधी यलो फीव्हरची लस

आमच्याकडे केनियाची सहल नोंदवणाऱ्यांना आम्ही विमानाचे तिकीट काढण्याआधी यलो फीव्हरच्या लशीचे पिवळे कार्ड मागतो. 'केनियात तर ते कोणी विचारत नाही' असे अनेक जण म्हणतात. बरोबर आहे. भारतातून थेट गेलेल्याला केनिया हे कार्ड मागत नाही. कार्ड तपासले जाते ते परतताना, आपल्याच विमानतळावर. हा ताप पसरवणारा एडिस डास आपल्याकडे भरपूर आहे, रोग मात्र नाही. तो येऊ नये म्हणून वैध कार्ड नसलेल्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते.

घोटाळा होतो तो 'वैध' या शब्दापाशी. कार्ड लागू होते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी. आठवड्याच्या सहलीला आदल्या दिवशी लस टोचून निघालात, तर मुंबईत उतरताना ते लागूच झालेले नसते. शिवाय लस कोणत्याही दवाखान्यात घेऊन चालत नाही, सरकारमान्य केंद्रच लागते. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि औषध कालवले की काही तासांत संपवावे लागते, म्हणून केंद्रे ठरावीक वारीच बोलावतात. नंबर लागायला वेळ जातो. निघायच्या महिनाभर आधी लस उरकून घ्या. मूळ पासपोर्ट सोबत न्या आणि कार्डावरचे नाव पासपोर्टप्रमाणेच आहे ना, हे तिथेच पाहून घ्या. कार्ड आयुष्यभर चालते, त्यामुळे पूर्वी घेतले असेल तर पुन्हा लस नको.

अंड्याची ॲलर्जी, गरोदरपण, प्रतिकारशक्ती कमी असणे किंवा साठीपुढचे वय असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. लस चालणार नसेल तर नोंदणीच्या वेळीच सांगा. दक्षिण आफ्रिकेतले क्रुगर किंवा नामिबियातले इटोशा ही अभयारण्ये त्याला उत्तम पर्याय आहेत. त्या सहलींची विमाने आम्ही नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे घेत नाही, म्हणजे परतताना कार्डाचा प्रश्नच येत नाही.

महिन्याबद्दल थोडक्यात: विल्डबीस्ट या मोठ्या हरणांचे कळप केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात साधारण जुलै ते ऑक्टोबर असतात. ते मारा नदी कोणत्या दिवशी ओलांडतील हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून आम्ही तिथे तीन रात्री ठेवतो. दर थोडा जास्त दिसतो तो यामुळे, आणि एका गाडीत सहाच जण बसवतो म्हणून. प्रत्येकाला खिडकी मिळते. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर काळवीट पाहिलेल्यांना माराचे गवत ओळखीचे वाटेल. तिथे वाळवीच्या वारुळांवर नजर ठेवा. शिकार हेरायला चित्ता त्यावर चढून बसतो. अंबोसेली अभयारण्यातून किलिमांजारो पर्वत (5,895 मीटर) पाहायचा असेल तर पहाटेच तयार राहा, ऊन चढले की शिखर ढगात जाते. जुलै-ऑगस्टमध्ये स्वेटर लागतोच.

शेंगा चटणी आणि कडक भाकरी जरूर घ्या, पण डब्यात किंवा कापडी पिशवीत. केनियात प्लास्टिक कॅरीबॅगवर ऑगस्ट 2017 पासून कडक बंदी आहे. मारापर्यंत छोट्या विमानाने जाणाऱ्यांनी चाकांची कडक बॅग टाळावी. मऊ बॅग, हातातल्या सामानासकट 15 किलोपर्यंत.

नोंदणीला येताना निदान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट आणि असल्यास जुने पिवळे कार्ड आणा. नसेल तर जवळचे केंद्र आणि तिथला वार आम्ही त्याच वेळी सांगतो.