उपकरणीय विश्लेषण

पदार्थात कोणते घटक आहेत आणि किती आहेत, हे प्रकाशाचे शोषण, विद्युतप्रवाह, वस्तुमान अशा भौतिक गुणधर्मांच्या मोजणीवरून ठरवणारी वैश्लेषिक रसायनशास्त्राची शाखा. बी.एस्सी.पर्यंत बहुतेक काम ब्युरेट, पिपेट आणि रंग बदलणाऱ्या दर्शक रसायनावर भागते. हा विषय खऱ्या अर्थाने सुरू होतो तो एम.एस्सी.ला. मुंबई आणि सावित्रीबाई फुले पुणे या विद्यापीठांत वैश्लेषिक रसायनशास्त्र घेऊन एम.एस्सी. करता येते.

जुन्या पद्धती कुठे फसतात, ते २००८ साली चीनमध्ये उघड झाले. दुधातील प्रथिने मोजण्याची जेल्डाल पद्धत १८८३ सालची. ती प्रत्यक्षात मोजते नायट्रोजन, आणि त्यावरून प्रथिनांचा हिशेब मांडते. मेलामाइन हे प्लास्टिक उद्योगातले रसायन; त्याच्या वजनात सुमारे ६७ टक्के नायट्रोजनच असतो. पाणी घातलेल्या दुधात ते मिसळले की आकडा पुन्हा चोख. अशी भेसळ पकडायची तर घटक आधी वेगळे करून एकेकाची ओळख पटवावी लागते. द्रव वर्णलेखन (मिश्रणातले घटक द्रावकाच्या प्रवाहात वेगळे करणारी पद्धत) आणि मास स्पेक्ट्रोमीटर (वस्तुमानावरून रेणू ओळखणारे यंत्र) यांची जोडी ते काम करते.

वर्णलेखनाची सुरुवात मिखाइल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाची. हिरव्या पानांतील रंगद्रव्ये त्याने कॅल्शियम कार्बोनेटच्या भुकटीने भरलेल्या नळीतून वेगळी केली आणि १९०६ साली पद्धतीला नाव दिले. आजच्या एचपीएलसी (उच्च दाबाच्या द्रव वर्णलेखनाच्या) यंत्रात त्या नळीच्या जागी बहुधा १५ ते २५ सेंटिमीटर लांबीचा पोलादी कॉलम असतो. विद्यार्थ्याचा निम्मा वेळ त्याची निगा राखण्यात जातो, आणि तो वाया जात नाही. द्रावकातील विरघळलेली हवा काढली नाही तर पंपात बुडबुडे अडकतात आणि बेसलाइन, म्हणजे घटक येत नसताना आलेखावर उमटणारी सपाट रेषा, नाचू लागते. फॉस्फेट बफर (आम्लता स्थिर ठेवणारे क्षारांचे द्रावण) वापरल्यावर कॉलम पाण्याने न धुता थेट ॲसिटोनायट्राइल हे सेंद्रिय द्रावक सोडले, तर क्षार आतच साचतात, दाब चढतो आणि महागडा कॉलम हातचा जातो.

धातूंसाठी अणुशोषण वर्णपटमापन शिकवतात; ते १९५५ साली ऑस्ट्रेलियातील ॲलन वॉल्श यांनी मांडले. नमुना ज्योतीत फवारायचा आणि मोजायच्या मूलद्रव्याच्याच दिव्याचा प्रकाश किती शोषला जातो ते पाहायचे. यंत्र आकडा देते, पण तो बरोबर असेलच असे नाही. नमुन्यात फॉस्फेट असेल तर कॅल्शियम त्याच्याशी घट्ट बांधले जाते, ज्योतीत पुरते सुटे होत नाही आणि आकडा कमी येतो. उपाय म्हणून लँथॅनम घालतात. फॉस्फेट त्याला धरते आणि कॅल्शियम मोकळे होते. हा एक प्रयोग नीट केला की ‘ब्लँक’ (मोजायचा घटक नसलेले द्रावण), प्रमाण द्रावणे (माहीत प्रमाणाची) आणि त्यांवरून काढलेला कॅलिब्रेशन आलेख यांची कटकट का करायची ते उमगते.

मोजता येणारे प्रमाण जितके कमी, तितकी नमुन्याच्या तयारीत चूक महाग. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची भारतीय मानक मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. या पातळीवर नीट न धुतलेली काचेची बाटलीही निकाल बिघडवू शकते. असे अंश मोजायला आयसीपी-एमएस वापरतात; त्यात नमुना प्लाझ्मात, म्हणजे अतितप्त आयनीभूत वायूत, सोडून मूलद्रव्ये वस्तुमानावरून मोजतात. या आर्गॉनच्या प्लाझ्माचे तापमान काही हजार अंशांत असते.

एनएमआरची (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांच्या प्रतिसादावरून रेणूची रचना ओळखण्याच्या पद्धतीची) गोष्ट निराळी. त्याचा अतिवाहक चुंबक द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सियसला ठेवावा लागतो. हा खर्च साध्या महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरचा. म्हणून आयआयटी मुंबईतील ‘सैफ’ (प्रगत विश्लेषण उपकरणांची सुविधा) यासारख्या सामायिक सुविधा केंद्रांत शुल्क भरून नमुने पाठवतात. विद्यार्थ्याच्या हाती येतो तो छापील वर्णपट, आणि तोंडी परीक्षेत त्यातल्या एकेका ‘पीक’चा (आलेखातल्या टोकाचा) जाब त्यालाच द्यावा लागतो.