गरोदरपणातील कोविड-१९

गरोदर स्त्रीला सार्स-कोव्ह-२ या करोना विषाणूचा संसर्ग झाल्यास होणारा आजार. पुष्कळ जणींना लक्षणेच दिसत नाहीत, काहींचे सर्दी-तापावर निभावते. पण आजार बळावला, तर अतिदक्षता विभाग आणि व्हेंटिलेटरची वेळ त्याच वयाच्या इतर स्त्रियांपेक्षा गरोदर स्त्रीवर अधिक वेळा येते. गर्भाशय वाढते तसे श्वासपटल वर ढकलले जाते आणि फुप्फुसांतील राखीव हवा घटते. ऑक्सिजनची गरज मात्र वाढलेली असते. रक्तही एरवीपेक्षा लवकर गोठते. मधुमेह, स्थूलता किंवा रक्तदाब असल्यास धोका आणखी वाढतो.

बाळापर्यंत विषाणू क्वचितच पोहोचतो. सुरुवातीच्या महिन्यांत अनेक ठिकाणी तान्ह्या बाळाला बाळंतिणीपासून दूर ठेवले गेले. ही खबरदारी अनाठायी होती. मास्क लावून, हात धुऊन बाळाला अंगावर पाजावे, असेच जागतिक आरोग्य संघटना सांगत होती. बाळाला खरा धोका असतो तो वारेच्या, म्हणजे गर्भाला आईकडून पोषण पोहोचवणाऱ्या अवयवाच्या, बाजूने. काही जणींच्या वारेला सूज येते, तिच्यात फायब्रिन हे रक्त गोठवणारे प्रथिन साचते आणि गर्भाचा रक्तपुरवठा तुटतो. अशा वेळी बाळाला स्वतःला संसर्ग नसतानाही ते पोटातच दगावू शकते. विषाणूच्या डेल्टा प्रकारात हे विशेष दिसले: अमेरिकेत जुलै ते सप्टेंबर २०२१ या काळात कोविड असलेल्या मातांमध्ये मृतजन्माचे प्रमाण २.७० टक्के, तर इतरांमध्ये ०.६३ टक्के होते. दिवस पूर्ण होण्याआधी प्रसूती होणे आणि प्रीएक्लॅम्पसिया (गरोदरपणात रक्तदाब धोकादायक वाढण्याचा विकार) यांचे प्रमाणही कोविडमध्ये वाढते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने जून २०२१ मध्ये १,५३० गरोदर व बाळंत स्त्रियांची आकडेवारी मांडली. पहिल्या लाटेत १४.२ टक्के जणींना लक्षणे होती, दुसऱ्या लाटेत २८.७ टक्के, मृत्युदर ०.७ वरून ५.७ टक्क्यांवर गेला. मुंबईच्या नायर रुग्णालयात तेव्हा कोविडग्रस्त मातांची शेकडो बाळंतपणे झाली.

लशींच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून गरोदर स्त्रियांना वगळले होते. त्यामुळे भारतात लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू होऊनही त्यांना परवानगी मिळाली २ जुलैला, म्हणजे दुसरी लाट ओसरल्यावर. आईने लस घेतली की तिची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात आणि जन्मानंतरचे पहिले काही महिने त्याला उपयोगी पडतात.