चाळिशीनंतरचा ठोसा

हेवीवेट मुष्टियुद्धात एक जुना समज आहे. आधी पाय जातात, मग चपळाई जाते आणि ठोशाचा जोर सगळ्यात शेवटी जातो. उतारवयात जॉर्ज फोरमन आणि माइक टायसन या दोन अमेरिकी माजी विश्वविजेत्यांपैकी कुणाचा हात अधिक जड राहिला, हा वाद रंगतो तोही याच समजाच्या आधाराने. त्याचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणून 5 नोव्हेंबर 1994 रोजी लास वेगासमध्ये झालेली लढत हमखास पुढे केली जाते.

त्या रात्री फोरमन 45 वर्षांचा होता, तर समोरचा विश्वविजेता मायकेल मूरर 26 वर्षांचा. किन्शासा येथे 1974 साली मुहम्मद अलीकडून हरताना घातलेली लाल चड्डीच फोरमनने पुन्हा चढवली होती, मात्र तेव्हाचे सुमारे 220 पौंडांचे शरीर आता 250 पौंडांवर गेले होते. किन्शासात अलीच्या कोपऱ्यात उभा असलेला प्रशिक्षक अँजेलो डंडी या वेळी फोरमनच्या कोपऱ्यात होता, हा योगायोगही नोंदवण्यासारखा आहे. नऊ फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर मूरर पुढे होता. मूरर डावखुरा असल्यामुळे त्याच्या हनुवटीकडे जाणारी वाट फोरमनच्या उजव्या हातासाठी सरळ होती, आणि दहाव्या फेरीत तो त्या हाताच्या टप्प्यात थांबून राहिला. आधी डावा, पाठोपाठ उजवा, आणि मग अगदी जवळून आलेला एक आखूड उजवा ठोसा हनुवटीवर बसला. मूरर पाठीवर कोसळला आणि दहा आकडे मोजून होईपर्यंत त्याला उठता आले नाही.

या विजयाने सर्वाधिक वयात हेवीवेट विश्वविजेतेपद जिंकण्याचा जर्सी जो वॉलकॉटचा 43 वर्षांपूर्वीचा विक्रम मोडला. वॉलकॉटने जुलै 1951 मध्ये पिट्सबर्ग येथे सातव्या फेरीत एका डाव्या हुकवर (बाजूने वळवून मारलेल्या ठोशावर) विश्वविजेत्या एझर्ड चार्ल्सला आडवे केले, तेव्हा त्याचे वय 37 होते. त्याच वयात, त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये, जो लुई मात्र रॉकी मार्सियानोकडून आठव्या फेरीत बाद झाला. लुईने काही महिन्यांपूर्वीच ली सॅव्होल्डला सहाव्या फेरीत झोपवले होते, म्हणजे हातातला जोर पूर्णपणे आटला होता असे म्हणता येत नाही. तरुण, सतत पुढे येणाऱ्या प्रतिस्पर्ध्यासमोर तो जोर वेळेवर पोहोचवणे त्याला जमले नाही.

ठोशाचा जोर आणि तो पोहोचवण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटनमधील संशोधकांनी 1985 साली फ्रँक ब्रुनो या हेवीवेट योद्ध्याचा ठोसा लोंबकळत ठेवलेल्या लक्ष्यावर मोजला. ठोसा सुरू झाल्यापासून सेकंदाच्या दहाव्या भागात मूठ सुमारे अर्धा मीटर पुढे गेली होती, आदळताना तिचा वेग सेकंदाला 8.9 मीटर होता आणि आघाताचे कमाल बल 4096 न्यूटन भरले. अशा आघातात मुठीच्या वेगाइतकाच तिच्यामागे उभ्या केलेल्या शरीराच्या वजनालाही अर्थ असतो. वयानुसार झटपट आकुंचन पावणारे स्नायुतंतू क्षीण होतात आणि वेग उतरतो. वजन मात्र उतरत नाही, उलट फोरमनसारखे वाढतेच. त्यामुळे एकेका ठोशाचा भार टिकतो, पण लागोपाठ पाच-सहा ठोसे मारणे किंवा मागे सरकणाऱ्या माणसाला गाठणे अवघड होते.

फोरमनच्या बाबतीतही हेच दिसते, फक्त मूररच्या लढतीच्या झगमगाटात ते झाकले जाते. जानेवारी 1990 मध्ये त्याने गेरी कूनीला दुसऱ्याच फेरीत संपवले, कारण कूनी त्याच्यासमोर उभा राहून लढला. 1991 मध्ये इव्हँडर होलिफिल्ड आणि 1993 मध्ये टॉमी मॉरिसन बारा फेऱ्या टिकले आणि गुणांवर जिंकले. मॉरिसन स्वतः जबर ठोसेबाज असूनही त्या रात्री हलत राहून लढला, हे विशेष. मूररनंतर तर फोरमन चारच वेळा रिंगणात उतरला. शुल्झ, ग्रिम्सली, सावारीझ आणि 1997 मध्ये ब्रिग्ज या चौघांपैकी कुणालाही तो बाद करू शकला नाही.

व्लादिमीर क्लिच्को या माजी विश्वविजेत्याची शेवटची लढतही याच जातीची आहे. एप्रिल 2017 मध्ये वेम्बली येथे 41 व्या वर्षी त्याच्या उजव्या हाताने अँथनी जोशुआला सहाव्या फेरीत जमिनीवर बसवले. त्या एका ठोशात वय दिसले नाही, दिसले ते त्यानंतर, कारण जोशुआला सावरायला वेळ मिळाला आणि अकराव्या फेरीत लढत थांबवून क्लिच्कोलाच पराभूत ठरवावे लागले.

टायसनला या मापाने मोजणे मला काहीसे अन्यायाचे वाटते. जेमतेम पाच फूट दहा इंच उंचीच्या या माणसाचा ठोसा त्याच्या पायांत आणि डोके हलवत आत शिरण्याच्या शैलीत रुजलेला होता. फोरमनप्रमाणे एका जागी रोवून उभे राहणे त्याच्या घडणीतच नव्हते. फेब्रुवारी 2003 मध्ये क्लिफर्ड एटिएनला त्याने 49 सेकंदांत संपवले, तो त्याचा शेवटचा विजय. पुढे 2004 मध्ये डॅनी विल्यम्स आणि 2005 मध्ये केव्हिन मॅकब्राइड यांच्याकडून तो हरला. नोव्हेंबर 2024 मध्ये टेक्सासमधील आर्लिंग्टन येथे 58 व्या वर्षी तो यूट्यूबवरून मुष्टियुद्धात आलेल्या जेक पॉलसमोर उतरला, तेव्हा फेऱ्या दोन मिनिटांच्या आणि ग्लोव्ह्ज नेहमीपेक्षा जड, चौदा औंसांचे होते. फोरमनच्या तीन मिनिटांच्या फेऱ्यांशी त्याची सरळ तुलना होऊ शकत नाही. तरी ठोसे मोजणाऱ्यांची नोंद बोलकी आहे. आठ फेऱ्यांत टायसनने 97 ठोसे मारले आणि त्यांतले 18 लागले.