लिपिडांची ने-आण : प्रथिन आधी सापडलं, ठिकाण नंतर

पेशीतली बहुतेक लिपिडं, म्हणजे तेलकट रेणू, आंतर्द्रव्यजालिकेत (पेशीतल्या पटलांच्या जाळ्यात) तयार होतात, लागतात मात्र पेशीतल्या सगळ्याच पटलांना, म्हणजे पातळ आवरणांना. असे रेणू पाण्यातून आपण होऊन फारसे सरकत नाहीत. पटलाच्या इवल्या पिशव्या एकीकडून सुटून दुसरीकडे मिळतात हे ठाऊक होतं, पण तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग) त्या वाटेवर येत नाहीत. मग त्यांना लिपिडं पुरवतं कोण?

१९६८ मध्ये कारेल विर्ट्झ आणि डोनाल्ड झिल्व्हरस्मिट यांनी यकृताच्या पेशी फोडून हेच तपासलं. जालिकेच्या तुकड्यांतल्या लिपिडांवर किरणोत्सारी फॉस्फरसची खूण, शेजारी तंतुकणिका, थोडा वेळ नळीत एकत्र. मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून दोघांना वेगळं करायचं आणि खूण कुठे गेली ते मोजायचं. पेशीचा पाणीदार भाग त्यात घातला की देवाणघेवाण वाढे. काम त्यात विरघळलेल्या प्रथिनांचं होतं. लिपिडाचा एक रेणू पोटातल्या पोकळीत दडवून नेणारी अशी प्रथिनं पुढे एकामागून एक वेगळी केली गेली.

पण नळीत जमलं म्हणजे जिवंत पेशीतही तेच चालतं, असं थोडंच आहे! ही शंका बरीच वर्षं छळत राहिली आणि माझ्या मते ती रास्तच होती. १९९० मध्ये यीस्टमधलं, स्रावासाठी (पेशीबाहेर प्रथिनं सोडण्यासाठी) अत्यावश्यक असलेलं सेक१४ हे प्रथिन असंच लिपिडवाहक निघालं. त्याच वर्षी जीन व्हान्स यांनी तंतुकणिकांना चिकटून येणाऱ्या जालिकेच्या तुकड्यांत लिपिडं तयार होतात हे दाखवलं. एरवी ही चिकट भर म्हणजे नमुन्यातली भेसळच समजली गेली असती.

२००३ मध्ये केंतारो हानादा यांच्या गटाने सर्ट हे प्रथिन शोधलं. ते सिरॅमाइड हे लिपिड जालिकेतून गॉल्गी या पेशीतल्या दुसऱ्या पटलसमूहाकडे नेतं. त्याचा एक भाग गॉल्गीचं पटल ओळखतो, दुसरा जालिकेवरच्या प्रथिनाला धरतो. म्हणजे काम चालतं ते दोन पटलं अगदी जवळ येतात तिथे, काही दशांश नव्हे तर काही शतांश मायक्रॉन अंतरावर.

व्हीपीएस१३ या प्रथिनाची कथा उलटी: आजाराशी नातं आधी कळलं, काम नंतर. त्याच्या एका मानवी जनुकातला बिघाड आणि हातापायांच्या अनैच्छिक हालचाली व काटेरी तांबड्या रक्तपेशींचा आजार यांचं नातं २००१ मध्येच कळलं होतं. हे लांबलचक प्रथिन आतल्या तेलप्रिय खोबणीतून लिपिडं सरकू देतं, याचे पुरावे २०१८पासून पुढे आले.