तीन नंबरचा बावटा म्हणजे नेमकं काय?

बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळाच्या इशाऱ्याची खूण, लागल्याची बातमी आली की कोकणात हमखास ऐकू येतं, ‘तीनच ना? मग अजून वेळ आहे.’ बावट्यांचे नंबर एक ते अकरा, तेव्हा अकरापैकी तीन म्हणजे पाव धोका, असा सरळ हिशेब लोक मांडतात. हा हिशेब चुकीचा आहे, आणि तो का चुकतो हे बावट्यांच्या जन्मातच दडलेलं आहे.

ऑक्टोबर १८६४ च्या वादळाने कलकत्ता बंदराची दाणादाण उडवली. पुढच्याच वर्षी तिथे इशाऱ्याच्या खुणा चढू लागल्या. खांबावर दिवसा शंकू आणि पिंपाच्या आकृत्या, रात्री लाल-पांढरे दिवे. त्या पाहायच्या जहाजांनी. किनाऱ्यावरची घरं आणि वाड्या त्या हिशेबात नव्हत्याच.

नंबरांचा गुंता तिथूनच आला. एक आणि दोन म्हणजे दूर समुद्रात काहीतरी आहे. तीन आणि चार म्हणजे बंदरालाच झळ पोचू शकते. तेव्हा ‘तीनच’ म्हणणाऱ्याच्या दारापर्यंत गोष्ट आलेली असते. खरी गंमत पुढे आहे. पाच, सहा, सात या तिन्हींत वादळाचा जोर एकच. पाच म्हणजे बंदर वादळाच्या वाटेच्या डाव्या हाताला राहणार, सहा म्हणजे उजव्या हाताला, सात म्हणजे वादळ बंदरावरूनच किंवा अगदी जवळून जाणार. आठ, नऊ, दहा हेच तीन प्रकार, फक्त तीव्र वादळासाठी. आणि अकरा? इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्कच तुटला आणि हवा बिघडण्याची भीती आहे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे ही शिडी नाहीच.

हे डावं-उजवं खलाशांपुरतंही नाही. आपल्याकडे चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या उलट फिरतात, त्यामुळे वाटेच्या उजवीकडे वादळाची स्वतःची चाल वाऱ्यात मिसळते आणि वाऱ्याचा जोर वाढतो. ३ जून २०२० ला दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या वाऱ्यानिशी किनाऱ्यावर चढलं आणि ईशान्येकडे सरकलं. मुंबई डाव्या हाताला राहिली आणि बरीचशी सुटली. उजवीकडे मंडणगड-दापोलीपर्यंत घरांचे पत्रे आणि कौलं उडाली. श्रीवर्धनच्या रोठा जातीच्या सुपारीच्या बागा मुळापासून आडव्या झाल्या. नवी सुपारी लावली तरी उत्पन्नाला कित्येक वर्षं थांबावं लागतं. वादळाचा मधला भाग गावावरून गेला तर वारा एकदम पडतो. वादळ गेलं असं वाटून माणसं पत्रे गोळा करायला बाहेर येतात, आणि मग वारा उलट्या दिशेने येतो. त्या शांततेत घरातच राहायचं, हे दवंडीसारखं गावोगाव सांगायला हवं.

बावटा बंदरात असतो, ही दुसरी अडचण. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ चक्रीवादळ आलं तेव्हा अनेक होड्या खोल समुद्रात होत्या. चार-चार दिवस बाहेर असणाऱ्याला खांबावरची खूण कुठून दिसणार?

आता मोबाइलवर हवामान खात्याच्या इशाऱ्यांचे रंग येतात: पिवळा, नारिंगी, लाल. हे वाऱ्याच्या वेगाचे रंग नव्हेत. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. माझ्या मते बातमीत नंबर आणि रंगाच्या आधी ताशी किती किलोमीटर वारा आणि वादळ आपल्या कोणत्या बाजूने जाणार, हे छापलं पाहिजे.

कारण वारा बावट्याची वाट पाहत नाही. १३ मे २०२४ ला मुंबईवर चक्रीवादळ आलंच नव्हतं. पावसाळ्याआधीचं धुळीचं वादळ होतं. घाटकोपरला पेट्रोल पंपावर सुमारे १२० फूट रुंद आणि तितकंच उंच होर्डिंग कोसळलं. परवानगीची मर्यादा ४० बाय ४० फुटांची होती. १७ जण गेले. वाऱ्यापावसात माणूस साहजिकच छपराखाली शिरतो. शिरण्याआधी त्या छपरावर काय झुकलंय ते बघा: होर्डिंग, मोडकं झाड, विजेची तार. पक्क्या भिंतींची इमारत जवळ असेल तर आत जा आणि खिडकीपासून लांब राहा.