भाकीत बाजार

एखादी घटना घडेल की नाही यावर ठरणाऱ्या करारांची खरेदी-विक्री करून त्या घटनेची संभाव्यता अजमावण्याची पद्धत. ‘औसा महसूल मंडळात ३० जूनपूर्वी अतिवृष्टी झाल्यास १०० रुपये, अन्यथा काही नाही’ असा करार ४० रुपयांना विकला जात असेल, तर बाजाराचा अंदाज ४० टक्क्यांच्या आसपास मानतात. निकालाची कसोटी आधी ठरावी लागते. येथे ती २४ तासांत ६५ मिमीहून अधिक पाऊस ही होय. शिवाय तो कोणत्या पर्जन्यमापकावर मोजायचा तेही नेमावे लागते. पाऊस एका शिवारात आणि नोंद दुसऱ्या गावी, हा पीकविम्यातला तंटा मराठवाड्याला परिचित आहे.

उगमाबद्दल एकमत नाही. पॉल ऱ्होड व कोलमन स्ट्रम्फ हे आर्थिक इतिहासकार पोपच्या निवडीवरील पैजांपर्यंत मागे जातात; अशा पैजा १५०३ मध्ये, बहुधा त्याआधीही, लागत. १५९१ मध्ये पोप चौदाव्या ग्रेगरीने त्यांवर बंदी घातली. न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर साधारण १८६८ ते १९४० या काळात अध्यक्षीय निवडणुकांवर मोठा पैसा लागे. मात्र यांपैकी कशाचाही हेतू माहिती गोळा करण्याचा नव्हता. त्यामुळे आयोवा विद्यापीठाने १९८८ मध्ये सुरू केलेला निवडणूक बाजार हाच खरा आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. तेथे गुंतवणुकीची कमाल मर्यादा ५०० डॉलर होती. वैचारिक बैठक त्याहून जुनी आहे: विखुरलेले ज्ञान भावात एकवटते, हे अर्थतज्ज्ञ फ्रिड्रिक हायेक यांचे १९४५ मधील प्रतिपादन. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनचा ओलावा आणि डाग पाहून सौदा निघतो, तेव्हा हेच घडत असते.

गिऱ्हाईक थोडे असले की बाजार थिजतो. त्यावर अर्थतज्ज्ञ रॉबिन हॅन्सन यांनी लॉगरिदमिक गुणांकन नियम सुचवला. त्यात एक यांत्रिक आडत्या प्रत्येक सौद्याला भाव देतो व त्याचा कमाल तोटा आधीच ठरलेला असतो. दोन पर्यायांत समान भावाने आरंभ केला आणि तरलतेचा अंक (सौद्यांनी भाव किती हळू हलावा हे ठरवणारा आकडा) १०० रुपये धरला, तर हा कमाल तोटा सुमारे ६९ रुपये होतो. भाव म्हणजेच संभाव्यता का, यावर अर्थतज्ज्ञ चार्ल्स मॅन्स्की यांनी आक्षेप घेतला: भावातून लोकांच्या सरासरी मताचा फक्त पल्ला (किमान व कमाल मर्यादा) कळतो. जस्टिन वोल्फर्स व एरिक झिट्झेविट्झ यांच्या मते सामान्य गृहीतकांखाली भाव व सरासरी मत यांतील तफावत लहान राहते. व्यवहारापुरते हे दुसरे मत पुरेसे आहे, पण भाव अगदी टोकाला असताना ते सांभाळून वापरावे.

ह्यूलेट-पॅकार्ड या संगणक कंपनीत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात असा बाजार विक्रीच्या अंदाजासाठी चालवला गेला. आठपैकी सहा वेळा तो कंपनीच्या अधिकृत अंदाजापेक्षा सरस ठरला. गूगलच्या अंतर्गत बाजारात आशावादाकडे कल आढळला. जवळ बसणाऱ्यांचे सौदेही परस्परांशी जुळत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मानसशास्त्रातील कोणते प्रयोग पुन्हा केल्यास तोच निष्कर्ष देतील हे बाजाराने सुमारे ७१ टक्के प्रकरणांत बरोबर सांगितले.

भारतात करार कायदा १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचे करार निरर्थक ठरतात. पैशांच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झाला. मराठवाड्याच्या परिचयाचा, भाकीत बाजाराला सर्वांत जवळचा प्रकार म्हणजे शेतमालाचा वायदा (पुढील तारखेच्या मालाचा भाव आज ठरवणारा सौदा). तुरीचा २००७ मध्ये आणि सोयाबीनचा २० डिसेंबर २०२१ रोजी थांबवण्यात आला.